एप्रिलमधला पावसाचा अंदाज आणि आपलं शिवार: भरवसा ठेवायचा तरी किती?

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला बातमी येते, यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के. आणि दरवर्षी आपल्या बेळगावच्या सीमाभागात, खानापूरच्या बाजारात असो नाहीतर निपाणीच्या स्टँडवर, त्याला उत्तर ठरलेलं असतंय, "हवामान खातं सांगतंय त्याच्या उलटं धरायचं बघा, म्हंजे बरोबर येतंय." हे ऐकून मला राग येत नाही. ज्या माणसानं बातमीवर भरवसा ठेवून सोयाबीनचं बी घातलं, मग तीन आठवडे आभाळाकडं बघत बसला आणि दुबार पेरणीसाठी परत कृषी पत्तीनच्या, म्हणजे गावच्या कर्ज देणाऱ्या शेती सोसायटीच्या, दारात उभा राहिला, त्याचा विश्वास उडाला तर त्यात नवल काय. २०१७ ला तर बीडकडं माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याच्या विरोधात थेट पोलिसांत तक्रार दिली होती, तुम्ही चांगला पाऊस सांगितला म्हणून आम्ही बी-खतावर पैसा घातला आणि बुडलो, बियाणं आणि औषध कंपन्यांशी तुमचं साटंलोटं आहे असंच त्यांचं म्हणणं होतं.

तरी मला असं वाटतंय की आपल्या रागाचा बराच भाग भलत्याच जागी निघतोय. अंदाज चुकतो, हे खरंच आहे, आणि कुठं कुठं चुकला ते मी खाली सांगणारच आहे, पण तो चुकतो त्याच्यापेक्षा जास्त वेळा तो दिल्लीहून आपल्या शेतापर्यंत येताना वाटेत मोडतो. हे कसं होतं ते नीट मांडतो. जरा लांबेल, पण पेरणीच्या पैशाचा मामला आहे तर वाचा.

आधी तो टक्क्याचा आकडा काय सांगतो ते बघू. तो अख्ख्या भारताचा आकडा असतो, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, आणि जून ते सप्टेंबर असा चारी महिन्यांचा मिळून. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची देशाची सरासरी काढली तर ती ८७ सेंटीमीटर येते, ते शंभर टक्के. ९६ ते १०४ च्या मध्ये आला तर त्याला सामान्य म्हणायचं, ९० ते ९५ म्हणजे सामान्यपेक्षा कमी, ९० च्या खाली गेला की तुटीचा, वर १०५ ते ११० म्हणजे जास्त आणि ११० च्या पुढं अतिजास्त. आता यात बेळगाव जिल्हा कुठं आहे? कुठंच नाही. आसामात धो धो झाला, राजस्थानात बरा झाला आणि आपल्याकडं कोरडं गेलं तरी देशाचा आकडा १०० येऊ शकतो, आणि त्या दिवशी टीव्हीवर "अंदाज खरा ठरला" म्हणून येणार, आणि अथणीतला माणूस ते बघून टीव्ही बंद करणार.

बरं, देश सोडा, जरा जवळचं घेऊ. हवामान खात्यानं देशाचे ३६ उपविभाग पाडलेत, पावसाचा हिशोब त्यावर चालतो. कर्नाटकाचे तीन, किनारपट्टी, दक्षिण अंतर्गत आणि उत्तर अंतर्गत. आपला सगळा जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात येतो, म्हणजे रायचूर, कलबुर्गी, विजयपूर ज्या टोपलीत, त्याच टोपलीत खानापूरचं कणकुंबी आणि जांबोटीसुद्धा. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं घाटमाथ्यावरचा पाऊस हजारो मिलिमीटरनं मोजतात, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानानं हात जोडतात. मग उत्तर अंतर्गत कर्नाटकात पाऊस कमी राहील असं कुणी म्हणालं तर ते नक्की कुणासाठी? जांबोटीच्या भातवाल्यासाठी की कागवाडच्या ऊसवाल्यासाठी? त्यात आपण मराठी माणसं बातम्या बघतो महाराष्ट्राच्या चॅनेलवर, तिथं सांगतात मध्य महाराष्ट्र, कोल्हापूर, सांगली. नकाशावर कोल्हापूर रंगवलेलं असतं आणि निपाणीच्या वेशीवर रंग थांबतो. नुसतं यानंच निम्मा गोंधळ होतोय असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी २०२३ चं वर्ष घेतो कारण ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या एप्रिलमध्ये खात्यानं सांगितलं, ९६ टक्के, सामान्य. पेपरात मथळे तेच, यंदा सामान्य पाऊस. पुढं केरळात मान्सून यायलाच ८ जून उजाडला, अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं, आपल्याकडं जूनचा मोठा भाग कोरडा गेला. जुलैत बरा झाला, आणि मग ऑगस्ट. १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, सरासरीच्या ३६ टक्के कमी. कर्नाटकानं २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. लोक म्हणाले, बघा, सामान्य सांगितला होता की.

पण त्याच दिवशी त्याच पत्रकात एक तक्ता होता, तो फार कुणी छापला नाही. त्यात लिहिलं होतं की तुटीच्या पावसाची शक्यता २२ टक्के, सामान्यपेक्षा कमीची २९, सामान्यची ३५, जास्तची ११ आणि अतिजास्तची फक्त ३. आता पहिल्या दोन्हींची बेरीज करा, ५१ होते. म्हणजे पाऊस सामान्यपेक्षा कमी होण्याची शक्यता निम्म्याहून वर आहे असं खातं स्वतःच सांगत होतं. आणि शेजारी दुसरा रकाना होता, एरवी कुठल्याही वर्षी काहीच माहीत नसताना ही शक्यता किती धरतात त्याचा, त्यात पहिले दोन १६ आणि १७, म्हणजे ३३. एरवी तीन वर्षांत एकदा येणारा धोका त्या वर्षी दोनात एकावर आला होता. शेतकऱ्याच्या दृष्टीनं खरी बातमी ही होती! "सामान्य" हा शब्द आला तो पाच खणांतला सगळ्यात मोठा खण ३५ चा होता म्हणून, आणि मधला आकडा ९६ येत होता म्हणून, आणि त्या ९६ च्या पुढंसुद्धा पाच टक्के इकडं-तिकडं असं लिहिलेलं असतंय, म्हणजे ९१ ते १०१. शेवटी देशात पाऊस झाला ९४ टक्के. अंदाजाच्या मर्यादेत बसला, पण खण मात्र सामान्यपेक्षा कमीचा.

हा तक्ता एप्रिलात आपल्या रयत संपर्क केंद्राच्या, म्हणजे कर्नाटकाच्या शेती खात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या, भिंतीवर लागला असता आणि कुणीतरी समजावून सांगितला असता, तर काहींनी तरी मक्याऐवजी तूर घातली असती, काहींनी उसाचं नवं क्षेत्र वाढवलं नसतं. सगळ्यांनी नाही, पण काहींनी नक्की.

मग प्रश्न येतो की चार महिने आधी पाऊस सांगता तरी येतो का. लोक म्हणतात, उद्याचं धड सांगता येईना, चार महिन्यांचं काय सांगताय. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्याचा पाऊस म्हणजे आत्ताच्या हवेची स्थिती मोजायची आणि कॉम्प्युटरवर पुढं चालवायची. १९६१ ला एडवर्ड लोरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सुरुवातीचा आकडा इवलासा बदलला, दशांशाच्या चौथ्या घरात म्हणा ना, तरी काही काळानं उत्तर पार वेगळं येतं. आणि हवा अख्ख्या जगाची शंभर टक्के बरोबर मोजणं तर कुणालाच शक्य नाही, त्यामुळं ती बारीक चूक वाढत वाढत साधारण दोन आठवड्यांत सगळं गणित खाऊन टाकते. म्हणून १५ जुलैला पाऊस पडेल असं जर कुणी मे महिन्यात सांगत असेल, मग तो कितीही मोठा अभ्यासक असो, त्याच्यावर विश्वास ठेवायला कसलाही आधार नाही. कुठल्याही देशाच्या कुठल्याही कॉम्प्युटरला ते जमत नाही.

पण हंगामाचा अंदाज हवेवर उभा नसतो, समुद्रावर असतो. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, एप्रिलात जो तापलाय तो ऑगस्टपर्यंत बहुतेक तसाच राहतो, आणि त्याचा धक्का हवेला चारी महिने बसत राहतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना बघा, जाळ किती घातलाय त्यावरून उकळी केव्हा फुटणार हे गुळव्या आधीच सांगतो, पण पुढचा बुडबुडा काहिलीत कुठल्या जागी येणार हे कुणालाच सांगता येणार नाही. हंगामाचा अंदाज जाळ बघून केलेला असतो, आणि आपण त्याच्याकडून बुडबुड्याची जागा मागतो.

तो जाळ म्हणजे मुख्यतः एल निनो. प्रशांत महासागरात पेरू देशाच्या बाजूचं आणि मधलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की तिथं हवा वर चढते, ढग तिकडं जमतात, आणि आपल्या बाजूला हवा खाली बसायला लागते, ती बसली की ढग वाढत नाहीत. देशातले बरेच मोठे दुष्काळ एल निनोच्या वर्षी पडलेत, २००२, २००९, २०१५. पण दर वेळी नाही! १९९७ ला गेल्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक होता, सगळे धास्तावले होते, आणि देशात पाऊस झाला १०२ टक्के. कारण आपला स्वतःचा हिंदी महासागरही काहीतरी करत असतो, आफ्रिकेकडची बाजू तापली आणि सुमात्राकडची निवली की आपल्याला फायदा होतो, आणि १९९७ ला ते झालं. म्हणून एल निनो आला म्हणजे दुष्काळ पक्का असं समजणंही चूक आणि त्याकडं दुर्लक्ष करणंही चूक. शक्यता वाढते, एवढंच.

हे काम किती जुनं आहे ते बघितलं तर आपल्या भागाशी त्याचं नातं निघतं. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात पडला, कलादगी (आजचा विजापूर-बागलकोटचा भाग), धारवाड, बेळगाव, माणसं लाखांनी मेली. त्याच्या धक्क्यानं हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड कामाला लागले, हिमालयातल्या बर्फावरून १८८२ पासून कच्चे अंदाज काढले आणि १८८६ च्या जूनमध्ये पहिला रीतसर अंदाज जाहीर केला. त्यांच्यानंतर जॉन एलियट आले, त्यांनी १८९९ ला चांगला पाऊस सांगितला आणि पडला भयंकर दुष्काळ. इतकी टीका झाली की पुढं काही वर्षं अंदाज लोकांना न देता फक्त सरकारी अधिकाऱ्यांकडं जायचा. म्हणजे लोकांचा अविश्वास आजचा नाही, सव्वाशे वर्षांचा आहे. १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आले, मूळचा गणिती माणूस, त्यांनी जगभरच्या नोंदी जुळवत बसून शोधलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर कमी होतो आणि उलटंही, आज एल निनोचा जो अभ्यास चालतो त्याचा एक पाय तिथंच आहे. मान्सूनचा अंदाज करता करता सापडलेली गोष्ट ही, आज अख्खं जग वापरतंय.

१९८८ पासून शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल आलं, म्हणजे आधीच्या सोळा नोंदींवरून पाऊस काढायचं गणित. पुढची बरीच वर्षं देशात पाऊसही बरा झाला, मॉडेलही बरोबर येत गेलं, आणि सगळ्यांना वाटलं जमलं. मग २००२. अंदाज १०१ टक्के, प्रत्यक्षात ८१. एकट्या जुलैत जवळपास निम्मा पाऊस गायब. सोळा घटकांपैकी कितीतरींचं पावसाशी असलेलं नातं मधल्या काळात सैल झालं होतं. लगेच पुढच्या वर्षी मॉडेल बदललं, २००४ ला पुन्हा चुकलं, २००७ ला पद्धत परत बदलली, आणि २००९ ला ९६ सांगून ७८ आला. ही खरी चूक, यात बातमीवाल्यांचा काही दोष नाही, एवढा मोठा दुष्काळ खात्याला आधी दिसलाच नाही. त्याच्यानंतर मात्र २०१२ ला अंदाज सुधारायचा सरकारी कार्यक्रम, मान्सून मिशन, सुरू झाला, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत समुद्र आणि हवा दोन्ही एकत्र चालवणारं मॉडेल बसवलं, आणि २०२१ पासून वेगवेगळ्या मॉडेलची उत्तरं एकत्र करून अंदाज देतात. २०१५ ला खात्यानं जूनमध्ये ८८ टक्के सांगितलं होतं, एका खाजगी कंपनीनं त्याच वर्षी सरासरीपेक्षा जास्त सांगितलं होतं, आला ८६. २०२४ ला १०६ सांगितला, १०८ आला. पण २०१९ ला ९६ सांगून ११० आला, हेही विसरून चालणार नाही. एकूण बघता पूर्वीपेक्षा सुधारणा आहे, आंधळा भरवसा ठेवण्याएवढी नाही.

आणि २०१९ म्हटलं की आपल्याकडं तो पूर. त्या वर्षी जूनमध्ये देशभर पाऊस ३३ टक्के कमी होता, दुष्काळाची भाषा चालू होती, आणि ऑगस्टच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम आल्या, चिकोडी-अथणी-गोकाकमधली गावं पाण्यात. हंगामाची बेरीज छान आली. पण पिकाला बेरीज कळत नाही, पिकाला दोन पावसांतलं अंतर कळतं. सोयाबीनला शेंगा भरायच्या वेळी वीस दिवस खंड पडला की पुढं ढगफुटी झाली काय आणि नाही काय, आणि भाताला लावणीच्या वेळी शिवारात पाणी साचलं नाही तर सप्टेंबरच्या पावसाचं करायचं काय. म्हणून एप्रिलचा आकडा बरोबर येऊनसुद्धा शेती बुडू शकते, आणि ज्याची बुडाली तो अंदाज खोटा होता असंच म्हणणार, त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

आता पंचांगाचं. आपल्याकडं नक्षत्रांवर शेती चालत आली, रोहिणीत धूळवाफ पेरणी, मिरगात जोर, आर्द्रा, मग तरणा, म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य), आणि शेवटी हत्तीचा (हस्ताचा) पाऊस. याला मी खोटं म्हणणार नाही. सूर्य मृगात ७-८ जूनलाच जातो आणि आपल्याकडं मान्सूनही सरासरीनं त्याच सुमाराला पोचतो, म्हणजे हे शेकडो वर्षांच्या नजरेनं काढलेलं सरासरीचं वेळापत्रक आहे आणि ते अचूक आहे. पण सरासरी म्हणजे यंदा नव्हे. २०२५ ला मान्सून केरळात २४ मेलाच पोचला आणि मेमध्येच इतका पाऊस लागला की धूळवाफ पेरणीसाठी शेत कोरडंच मिळेना, पंचांगात हे कुठून येणार. यंदाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस जास्त, उंदीर आहे म्हणून कमी, याला मात्र नोंदींचा कसलाही पाया नाही.

आणि व्हॉट्सॲपवर तारखा देणारे. ७ ते ११ पाऊस, १२ ते १६ उघडीप, २० ला जोरदार, असे मेसेज महिनाभर आधी फिरत असतात आणि लोक खात्यापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात, कारण ते खात्रीनं बोलतात आणि आपल्या भाषेत बोलतात. जुलैत घाटाच्या बाजूला कुठलेही पाच दिवस सांगा, पाऊस पडणारच! खरं तपासायचं असेल तर मेसेज आला की तो वहीत लिहून ठेवा आणि महिन्यानं आपल्या गावच्या पावसाशी ताडून बघा, जुळलेलेही मोजा आणि न जुळलेलेही. आपलं मन जुळलेलं लक्षात ठेवतं, खात्याच्या बाबतीत मात्र उलटं करतं.

मग काय वापरायचं, कशासाठी? एप्रिल-मेच्या अंदाजावर एवढंच ठरवावं की यंदा जोखीम किती घ्यायची, उसाची नवी लावण किती, कर्ज किती काढायचं, कमी पाण्याचं वाण निम्म्या शेतात तरी घालावं का. त्यावरून पेरणीची तारीख कधीच काढू नये. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, त्यातले पहिले दोन आठवडे बरे असतात, मोठा खंड पडायचाय का याची चाहूल त्यात लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला येतो, पुढच्या पाच दिवसांचा, मेघदूत ॲपवर बघता येतो, फवारणी, खत, काढणी, मळणी यासाठी तो खरंच उपयोगी आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा तोच आहे. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप, वळवाच्या दिवसांत शेतात असणाऱ्यांनी ते ठेवावंच. आणि पेरणी? ती अजूनही जमिनीतली ओल बघूनच, चांगला भिजवण पाऊस झाल्यावर आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज बघून. एका सरीवर धावायचं नाही हे म्हातारी माणसं सांगत आली, खातंही तेच सांगतं.

शेवटची गोष्ट आपल्या भागापुरती. कर्नाटकाचं बेंगळूरचं नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र १९८८ ला दुष्काळावर लक्ष ठेवायलाच सुरू झालं, देशात अशा तऱ्हेचं पहिलं, आणि त्यांनी ग्रामपंचायत पातळीवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापक यंत्रं बसवलीत. म्हणजे उपविभागाचा, जिल्ह्याचा सोडा, आपल्या पंचायतीचा पाऊस मिलिमीटरमध्ये उपलब्ध आहे, महाराष्ट्राच्या कुठल्याही चॅनेलवर तो मिळणार नाही. पण तो कन्नडात आणि इंग्रजीत असतो, आणि आपल्या कितीतरी घरांत साठीच्या पुढचा माणूस, ज्याच्या शब्दावर पेरणी होते, तो फक्त मराठी वाचतो. ग्रामसभेत भाषेवरून बाकी जे काय व्हायचं ते होऊ दे, पण पंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी कालचा पाऊस, आणि मंगळवार-शुक्रवारचा सल्ला, कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहायला लावा. एक खडू आणि एक पोरगं एवढाच त्याला खर्च आहे, आणि मिरगाच्या आधी सुरू झालं तर याच हंगामात उपयोगी पडेल.